पथ्याचं सरबत

नाही काका, पोरांना दारूबंदीची शपथ मी नाही देणार, पत्रिकेतून माझं नाव काढा — छापून झाली? झाली तर झाली, वरून पट्टी चिकटवा, पण बुद्ध पौर्णिमेला त्या माइकसमोर मला उभं करू नका. आई गेली ना पत्रिका घेऊन शेजारी? ती काय, अख्ख्या मुलुंडला दाखवून येईल — माझा नंदू सहा वर्षं जहाजावर आहे, तिकडे दारू पाण्यासारखी वाहते, पण पोरगा थेंबाला शिवला नाही. आत्ता हेच सांगत असेल. आणि ते खरं आहे हां अंबादासकाका, त्यात खोट नाही. विहारात सतरंजीवर बसवून पंचशील तुम्हीच शिकवलंत मला, तेव्हा त्या बाबतीत तुमच्यासमोर मान वर करून बोलू शकतो. एक थेंब नाही.

काम काय आहे म्हणता — आई सगळ्यांना सांगते ज्यूस काउंटर, ते अगदी खोटं नाही आणि अगदी खरंही नाही. बारवर असतो मी. असं तोंड नका करू, तुम्हाला अंदाज असणारच. मायामीहून जहाज सुटतं, आठ दिवस बेटं दाखवतं नि परत. सगळे सुट्टीवर आलेले, पोहायच्या तलावाभोवती दिवसभर आडवे, आणि प्रत्येकाला बारीक व्हायचंय — तिकडे सध्या ते खूळच आहे, कसरतीचे कपडे घालून नाश्त्याला येतात नि तीन-तीन प्लेटा भरतात. म्हणून कंपनीनं नवीन कार्ड काढलं, लो कॅलरी कॉकटेल, नावापुढे आकडा — नव्वद, एकशे दहा. साखरेचा पाक नाही, गुलाबी पुडीतली गोडीची पावडर टाकायची, लिंबू, सोडा, बर्फ आणि व्होडका. दारू तीच हो, पथ्य फक्त साखरेचं. बायका चार-चार ग्लास रिचवतात आणि मला म्हणतात, नॅन्डू, आज मी किती शहाण्यासारखी वागले — समोर केकचा तुकडा हा एवढा. मला हसू यायचं. आईला सांगितलं तर तिनं नावच ठेवलं, पथ्याचं सरबत. मी म्हटलं हो, तसंच काहीतरी.

आता न पिणारा माणूस बारवर टिकला कसा, याचंच कौतुक आहे ना तुमच्या कमिटीला? सांगतो. बाकीचे काय करतात, प्रत्येक ग्लासात प्लास्टिकची नळी बुडवतात, वरून बोटानं दाबतात, दोन थेंब जिभेवर सोडतात. चव घेतल्याशिवाय ग्लास सोडायचा नाही, पहिला धडाच तो. मी नाही केलं कधी. मापानं करायचो, आणि माप चुकत नाही माझं. आमचा गोव्याचा सीनियर चिडायचा — अरे गिळू नको, थुंकून टाक. मी म्हणायचो, नाही सर, मी शील घेतलंय. मग मान द्यायला लागले सगळे, नवीन आलेल्यांना दाखवायचे, हा बघ, हा चाखत पण नाही. मला बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं, तुमच्यापासून काय लपवू.

एक बाई होती — कोण म्हणजे, तेच सांगतोय ना. जानेवारीतली फेरी. साठीची बाई, बहिणीबरोबर आलेली, डोरोथी मॅडम. पहिल्या संध्याकाळी काउंटरला कोणी नाही बघून आली आणि हळूच म्हणाली, मी पीत नाही, सोडून अकरा वर्षं झाली, त्यापायी फार भोगलंय मी, पण चार माणसांत बसायचंय — तर दिसायला त्यांच्यासारखाच ग्लास दे, आत नुसतं लिंबू-सोडा. मी म्हटलं, मॅडम, मीही पीत नाही. तिनं माझा हात धरला, काका. म्हणाली, मग मी चांगल्या माणसाच्या हातात आहे. पाच दिवस रोज दिलं, मन लावून दिलं. रोज येऊन बसायची, गप्पा मारायची, आई कशी आहे विचारायची.

सहाव्या दिवशी कॅप्टनची पार्टी. शंभर माणूस काउंटरला चिकटलेला. तिचा ग्लास करून बाजूला ठेवला, बर्फ घ्यायला वळलो, परत बघतो तर कोणीतरी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा ग्लास तिथेच ठेवलेला, दोन ग्लास शेजारी-शेजारी, एकात व्होडका, एकात नाही, आणि कुठला कुठला ते कळेना. व्होडकाला ना रंग, ना धड वास, त्या लिंबात काय समजणार. दोन थेंब जिभेवर टाकले असते तर मिटलं होतं. नाहीतर दोन्ही ओतून टाकायचे, नवीन करायला मिनिट लागलं असतं — ते सुचलं नाही — नाही, सुचलं होतं. रांग मोठी होती. डावीकडचा उचलला आणि दिला.

तिनं एक घोट घेतला, तोंडात धरला नि माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच कळलं. म्हणायचं होतं, मॅडम थांबा, चुकलो मी. तिनं गिळला. मग सगळा ग्लास संपवला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, नॅन्डू, अगदी असाच आणखी एक.

चूक कोणाच्याही हातून होते म्हणता — पहिला ग्लास चूक होती, मान्य. दुसरा? दुसरा मी मापून भरला, काका. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, ती एवढी मोठी बाई, मी कोण सांगणारा, नोकरी आहे — मनात हे सगळं चाललं होतं आणि हात भरत होते. खरं सांगू? नाही म्हटलं असतं तर पहिल्याचं कबूल करावं लागलं असतं. म्हणून दुसरा. मग तिसरा. दुसऱ्या दिवशी ती सकाळी दहालाच येऊन बसली, तेव्हाही दिला.

उतरायच्या दिवशी आम्ही सगळे रांगेत उभे राहतो, हसून निरोप द्यायला. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. मान सरळ धरता येत नव्हती. बहीण माझ्यासमोर थांबली नि विचारलं, तू दिलीस का हिला? मी म्हटलं, नाही मॅडम, मी फक्त लिंबू-सोडा देतो. तर तीच मला सॉरी म्हणाली — म्हणाली, तू तर स्वतः पीत नाहीस, हिनं सांगितलंय मला. आणि खाली वाकून तिच्यावर ओरडली, अकरा वर्षांनीसुद्धा खोटंच बोलतेस, चोरून पितेस. त्या बाईनं मान उचलून माझ्याकडे बघितलं. यानं दिली, एवढे दोन शब्द पुरे होते. त्याऐवजी शिव्या खाल्ल्या आणि गेली.

पुढं काय झालं मला काय माहीत. मी कोणाला विचारणार? कंपनी खूश आहे माझ्यावर, परत बोलावलंय, पत्र कपाटात पडलंय — आईला सांगितलंय की जहाज दुरुस्तीला लागलंय. सकाळी वंदनेला बसतो तेव्हा तिसऱ्या शीलापर्यंत बरोबर येतो, चौथं आलं, खोटं बोलणार नाही, की ते गाळून पुढे जातो. आणि पाचवं, दारूचं, ते तर शाबूत आहे ना माझं, काका, त्याचीच चीड येते. माझं राखलं नि तिचं मोडलं. शील काय माझ्या जिभेपुरतं होतं? तुम्ही शिकवलंत, तुम्हीच सांगा — विहारातली पोरं समोर हात जोडून बसलीत आणि मी म्हणतोय, माझ्यामागून म्हणा... नाही जमणार. आईला तुम्हीच सांगा काहीतरी, म्हणावं नंदूला बरं नाही, म्हणावं —

आलीस? हो गं, झालं बोलणं आमचं. नाही कशाला म्हणेन, आई, देणार ना शपथ, काकांना आत्ताच हो म्हटलं. तो पांढरा शर्ट तेवढा इस्त्रीला टाक.

निघा काका तुम्ही. असं बघू नका माझ्याकडे, निघा.