बोनेटवरचं स्वस्तिक

काळी गाडी अन् माजरीच्या खाणीची कोळशाची धूळ, हे काई जमत नाई राजेहो. रोज कोरड्या फडक्यानं पुसून पुसून माह्या बोनेटवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं झालं होतं. उन्हात पाह्यलं की जीव जळे. मंग दसऱ्याच्या आधी पॉलिशची मशीन आणली, मोबाईलवर व्हिडिओ लावला अन् दोन दिवस अंगणात घासत बसलो. बायको म्हणे, "माह्याकडं तरी एवढं पाह्यलं का कधी?" पण चमकली अशी, का बोनेटमंदी माह्या नाकातले केसं दिसत होते!

दसऱ्याले सिंदेवाहीवरून सासूबाई आल्या. पूजेचं ताट हातात घेतलं अन् म्हणल्या, "जवाई, सरका. पूजा मी करतो."

कुंकवात बोट बुडवलं. त्याच बोटात अंगठी, तेही सैल, खडा आतल्या बाजूनं फिरलेला!

मी हातच जोडले. "मामीजी, अंगठी काढता का थोडी?"

"काऊन? सोन्याची हाये. देवाच्या कामात सोनं चालत नाई का?"

अन् बोट आडवं दाबून किर्रर्र! स्वस्तिकाच्या साऱ्या रेघा ओढल्या, वरून अक्षता चांगल्या चोळून लावल्या. मी डोळे मिटून उभा.

दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, तं बायको ओरडली, "आई, पाह्य ना! कुंकू गेलं, पण स्वस्तिक तसंच हाये!"

सासूबाईनं गाडीले हात जोडले. "मनापासून केलेली पूजा अशी धुतल्यानं जात नाई, जवाई."