फेझच्या गल्लीत ‘बालाक’

...नाही, पण मागून खेचर आणि शेजारी होणारा जावई, तर बाईने आधी कोणाला सांभाळायचं? तुम्हीच सांगा! आमच्या फेझच्या जुन्या शहरात पोर ‘आई’ म्हणायच्या आधी ‘बालाक’ शिकतं. बालाक म्हणजे सरका, जपा, खेचर येतंय! ऐकलं की चिकटायचं भिंतीला. विचार करायचा नाही!

आणि हा नजीम, आमच्या बतूलला मागणी घालायला आलेला, उभा कुठे? ऐन गल्लीत! मागून ओल्या कातड्यांनी लादलेलं खेचर, खेचरवाला बोंबलतोय, “बालाक! बालाक!” आणि हा शांतपणे मला विचारतो, “मावशी, तो ‘कदाचित, कदाचित’ का ओरडतोय?”

कदाचित?! पोरगा वाढला मार्सेलात, अरबी शिकला अल्जीरियाच्या आजीकडून, आणि तिच्याकडे म्हणे बालाक म्हणजे कदाचित! हे मला कळेपर्यंत हा आडवा, अंगावर कातडी, आणि वास... बाई बाई बाई!

घरी आणला, धुतला, ह्यांचा झगा घालून बसवला. आमच्या ह्यांनी घसा खाकरला. “काय रे, माझ्या लेकीला जन्मभर सुखात ठेवशील?”

तर हा मान खाली घालून, अगदी नम्रपणे म्हणतो, “बालाक.”

ह्यांच्या हातातला चहा हातातच. “मला धमकी? माझ्या घरात? माझाच झगा घालून?”

“अहो बाबा, धमकी नाही हो!” बतूल धावत आली. “त्याच्याकडे बालाक म्हणजे कदाचित!”

झालं! हे आणखीच भडकले. “कदाचित?! त्यापेक्षा धमकी परवडली!”

नजीम रडकुंडीला आला. “काका, माझे आजोबा ‘नक्की येतो’ सांगून खाणीत उतरले, ते आलेच नाहीत. तेव्हापासून आजीने घरात कोणाला ‘नक्की’ म्हणू दिलं नाही. मी जीव लावीन बतूलला. पण नक्की... ते देवाने म्हणायचं ना?”

ह्यांनी स्वतःचा चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि लेकीकडे वळले. “तू सांग. सुखी होशील ह्याच्याबरोबर?”

कार्टी त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “बालाक!”

आता हे इकडचं बालाक की तिकडचं? जन्म दिलेल्या आईला कळेना हो! शेवटी मी ह्यांच्या तोंडात एक बदामाची करंजी कोंबली, एक माझ्या, आणि होकार समजून टाकला. करता काय!