गारा पडल्या तेव्हा रपट्यावरचे दगड

प्रिय अनु आणि निखिल,

तिकडच्या बर्फाच्या वादळाची हकिगत वाचली. तीन दिवस वीज नाही, रस्ते बंद, आणि खाली निखिलचा प्रश्न, आजी, तुमच्याकडे हिवाळ्यात असं कधी झालं का? झालं. मी ढाणकीला शिक्षिका होते तेव्हा, साठीच्या दशकातल्या एका माघात. पण ते सांगायचा हक्क तुळशीराम मैलकुलींचा. मैलकुली म्हणजे नेमून दिलेले मैल सांभाळणारा रस्त्यावरचा कामगार. ते परवा घरी आले आणि थकायच्या आत सगळं सांगून टाकतो म्हणाले. बोलत गेले तसं त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं.

आमचं गाव इथून दोन कोसावर, बाई. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, बापानं गावकीची कामं सोडली अन् मले म्हने, तू पगाराचं काम कर, कोनाच्या दारात उभा राहू नको. मंग मले रोडाचं काम भेटलं. काय सांगू तुम्हाले, खाकी कपडे घातले तं माय पाहूनच राह्यली. चार मैल माहे. खड्डे भराचे, झाडाइले पानी टाकाचं, अन् नाल्यावरचा रपटा पाहाचा. रपटा म्हंजे पूल नाही, पान्यातून गेलेला रस्ताच, अन् थो मधात वाकडा, वाकनाच्या समोर खोल डोह. दोन्ही आंगानं गोटे उभे, त्याइले चुना. पानी वरून गेलं का डायवर गोट्याच्या मधातून गाडी काढे.

त्या साली साहेबाची तपासनी होती, म्हनून मीनं दोन हात चुना मारला, असे पांढरे केले का बगळा लाजावा. अन् दोन दिवसानं भर दुपारी आभाळ आलं अन् गारा. बोराएवढ्या, मंग लिंबाएवढ्या. गहू झोपला, तारेचे खांब आडवे, म्हंजे पल्याड खबर द्याची सोयच नाही. थांबलं तसा मी घोंगडी पांघरून पळालो. पाहतो तं पानी गुडघाभर, वर गारा तरंगून राह्यल्या, काठ पांढरा, रस्ता पांढरा, अन् माहे गोटेबी पांढरे. एक वळखू येईना. मनात म्हनलं, इतका चुना काहून मारला रे तुळशीराम.

अन् पल्याडून येष्टी उतरून राह्यली. सिदी, डोहाच्या तोंडात. मी वरडत पान्यात शिरलो, हातानं गोटे चाचपत वाकनावर जाऊन उभा राह्यलो. डायवर तोंडाचा फाटका, थो म्हने, आबे मैलकुल्या, मराले हेच ठिकान भेटलं काय, सरक. मी म्हनलं, मी सरकलो तं तू मरशीन. थो म्हने, मंग तुहे गोटे कुठी हाय? मांगून कंडक्टर सांगे, बाईचं लेकरू तापानं फनफनून राह्यलं, दवाखान्यात न्याचं हाय, थांबू नका. तवा मी बोललो, "गोटा मीच समज. माह्याकडं पाहून ये, मले घासून वळ."

डायवरनं हातानं काच पुसली. मंग गेर टाकला. चाक माह्यापासून इतभर, अन् थंडीनं माहे पाय मले लागतच नव्हते. खिडकीत तुम्ही, बाई, पोरीले छातीशी धरून. गाडी वळली, वर चढली, अन् डायवरनं जो भोंगा वाजवला थो वाजवतच गेला.

दुसऱ्या दिवशी डांबर तापवलं अन् गोट्याइले काळे पट्टे मारले, कोनाले न इचारता. साहेब आले, म्हने सरकारी दगडाचं तोंड काळं काहून केलं? मी म्हनलं, साहेब, घोंगडी काळी होती म्हनून काल गाडी वाचली. साहेबानं काळ्या पट्ट्यावर बोट घासून पाह्यलं. मंग म्हने, बाकीच्या रपट्याइलेबी मार.

आता पूल झाला, मी पेन्शनीत. हिवाळ्यात पाय दुखते, दुखो. पोरगी खुशाल हाय ना, बाई? मंग झालं.

खुशाल आहे, मी म्हणाले. ती पोरगी म्हणजे तुमची आई. जुना रपटा केव्हाच वाहून गेला. काठावर चार दगड उभे आहेत, आणि त्यांच्यावरचे काळे पट्टे अजून दिसतात.