लासूरच्या पुढचं पाणी

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय अप्पारावजी शेळके, व्यासपीठावर स्थानापन्न झालेले संचालक मंडळाचे सर्व सदस्य, मुख्याध्यापक महोदय, आज अडतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत असलेले आणि या क्षणी मऊ खुर्चीत अवघडून बसलेले श्री. त्रिंबक सांडू सोन्ने, म्हणजे तुमचे-आमचे त्रिंबकमामा, माझे सहकारी, माजी विद्यार्थी आणि उपस्थित बंधू-भगिनींनो,

मी सुकेशनी साळवे. या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवते आणि गेली आठ वर्षं पर्यवेक्षिका आहे. मला मामांविषयी चार चांगले शब्द बोलायला सांगितलं आहे. मामांनी स्वतः मनोगत व्यक्त करावं असं ठरलं होतं, पण परवा ते मला म्हणाले, "मॅडम, मला माईकवर नाय जमत. तुमीच बोला. फक्त खरं बोला." आता हे दोन्ही एकाच भाषणात कसं बसवायचं, ही माझी अडचण आहे. आपण सांभाळून घ्याल अशी आशा करते.

मामा देवगाव रंगारीचे. घरात मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात ते आठ वर्षांचे होते. वडील सरकारी कामावर खडी फोडायला गेले आणि आई, सरूबाई, भावकीच्या कळपांबरोबर आपली मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात गोदावरीकडे निघाली. मामा तिच्यासोबत चालले. पुढे ते दहावी झाले आणि शहाऐंशी साली आपल्या शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले. पुढच्याच वर्षी सरकारी योजनेतून शाळेत संगणक आले. बीबीसी मायक्रो त्यांचं नाव. विलायती बनावटीचे, कीबोर्डच्या पेटीतच सगळं यंत्र, वरच्या रांगेत लाल बटणं. आज मोबाइलवर आपण जो एक फोटो काढतो, त्यात अशा शंभर यंत्रांची स्मृती मावेल. तेव्हा मात्र ते बघायला गुलमंडीतले व्यापारीसुद्धा मुलांचा हात धरून आले होते, असं जुने लोक सांगतात.

ज्या सरांना प्रशिक्षण मिळालं होतं, त्यांची वर्षभरात बदली झाली. खोलीला कुलूप लागलं. धूळ पुसायला आत जाणारा माणूस एकच. मामांनी शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तिका वाचली. किती दिवस लागले, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "दोन पावसाळे. त्यातला एक आलाच नाय."

मी त्र्याण्णव साली इथे रुजू झाले, तेव्हा त्यांच्याकडे नऊ यंत्रं होती. अशा यंत्रांना एक खोड असते. आतला एक कपॅसिटर जुना झाला की फुटतो आणि खोलीभर धूर होतो. एकदा असा धूर झाला, मुलं पळाली, आणि मी म्हटलं, "मामा, गेलं ना हे?" त्यांनी पेटी उघडून जळका तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "मशीन मेलं नाय मॅडम. एवढंच जळलंय." उस्मानपुऱ्यातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून त्यांनी नवा आणला, आणि चार वाजता तेच यंत्र सुरू होतं.

माझ्या सातवीच्या मुलांना ते त्यावर पाढे शिकवायचे, तेही मराठी अक्षरांत. त्या यंत्रात मराठी नव्हतीच. एक अक्षर आठ आडव्या आणि आठ उभ्या ठिपक्यांत बसवायचं. 'क' बसला, 'म' बसला, पण वेलांटी द्यायची कुठे? उकार कुठे? मग त्यांनी प्रत्येक अक्षराला वर-खाली दोन घरं दिली आणि अख्खी बाराखडी आलेखाच्या वह्यांवर ठिपका-ठिपका भरून काढली. त्या वह्या माझ्याकडून नेत. आम्ही शिक्षक मंडळी त्याला 'मामांचं भरतकाम' म्हणायचो. हसायचो. मीही हसले आहे.

पुढे शाळेत नवे संगणक आले, मग त्यांच्याहून नवे आले. शहर वाढलं. शाळेसमोरची बंगलेवजा घरं पाडून सहा-सहा मजले उभे राहिले, आणि त्यांच्या टाक्या भरायला टँकर येऊ लागले. जुन्या यंत्रांची खोली मागच्या बाजूला होती, ती कुणाला आठवत नव्हती. मामांना आठवत होती.

दोन हजार बाराच्या दुष्काळात देवगावला हापसे आटले, तेव्हा मामांनी आईला पदमपुऱ्यातल्या आपल्या खोलीवर आणलं. सरूबाईंनी तोवर मेंढरं विकली होती. शहरात त्यांना करमेना. तेव्हा रविवारी मामा त्यांना शाळेत घेऊन येऊ लागले, आणि त्या दोघांनी मिळून एक काम सुरू केलं. खेळाचं नाव 'चारापाणी'. खेळणाऱ्याकडे चाळीस मेंढरं. देवगावहून निघायचं आणि गोदावरी गाठायची. रोज ठरवायचं, कुठल्या गावाकडे वळायचं, कुठल्या विहिरीवर थांबायचं, कुणाच्या शेतात कळप बसवायचा. यातली एकही विहीर मनाची नव्हती. प्रत्येक विहीर सरूबाईंच्या डोक्यातली होती. कुठली एप्रिलपर्यंत टिकते, कुठल्या वस्तीवर मालकीण हाक मारून पाणी देते, कुठे कुत्री सोडतात.

एका रविवारी मी पेपर तपासायला आले होते. खोलीत डोकावले. सरूबाई स्टुलावर बसलेल्या, पडद्यावर पांढरे ठिपके.

"ह्ये माझी मेंढरं व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग ही एक मागं का पडली?"

"लंगडी झाली आई. तिला सोडून पुढं जायाचं, न्हायतर सगळा कळप उशिरा पोचतो. खेळ आहे तो."

म्हातारी उठून उभी राहिली. "सोडून? लंगडीला सोडून कोण गेलंय रं आपल्यात? बाकीच्यांनी हळू चालायचं. लिही तसं."

मामांनी तसं लिहिलं. खेळ अवघड झाला. लंगडं जनावर मागे टाकायची सोयच त्यात उरली नाही.

आपली माजी विद्यार्थिनी तनुजा पुण्यात अभियंता आहे. आज ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. दोन हजार चौदात ती शाळेत आली असताना तिने हा खेळ पाहिला आणि तेव्हा झाला होता तेवढा, म्हणजे देवगाव ते लासूर, तारेने आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. अशा जुन्या यंत्रांसाठी आजही हौसेने नवे खेळ, नवी सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं जगभर आहेत, हे तिने मामांना सांगितलं. मामांना फार आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "असतील की. मशीन चालू हाय तर लिहिणारच."

पुढची दोन वर्षं लासूरच्या पुढचं काम चाललं. गंगापूर, कायगाव, नदीपलीकडचा मुलूख. सरूबाई सांगायच्या, मामा वहीत उतरवायचे आणि मग यंत्रात घालायचे. फ्लॉप्या आणि वह्या त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात असत.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहताहेत. वेळेचं भान मला आहे. पण अप्पारावजी, आता तुमचाच उल्लेख येतो आहे, तो राहून गेला तर बरं दिसणार नाही.

दोन हजार सोळाचा मे. सुट्टी असूनही आम्ही काही जण कार्यालयीन कामासाठी येत होतो. शाळेला एक दिवसाआड टँकर येत होता. सरूबाई देवगावला गेल्या होत्या, तिथेच वारल्या. मामा तेरा दिवसांच्या रजेवर गेले. त्याच आठवड्यात संस्थेने ठरवलं की जूनपासून मागच्या खोलीत डिजिटल वर्ग सुरू करायचा. खोली रिकामी हवी. जुनं सामान मोडीत काढणाऱ्या निर्लेखन समितीत आम्ही तिघे होतो, तेव्हाचे मुख्याध्यापक, लिपिक आणि ज्येष्ठ शिक्षिका म्हणून मी. यादी टंकून तयार होती. 'जुने संगणक, नग नऊ. लोखंडी कपाट साहित्यासह, नग एक. सद्यःस्थिती : नादुरुस्त.'

नऊपैकी सात चालू होते. हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "सर, मामा सुतकात आहेत. आठ दिवस थांबू. कपाटात त्यांचं काहीतरी आहे."

त्यावर अप्पारावजी, आपण म्हणालात, "मॅडम, शाळा आता परिचराला विचारून चालवायची का?" आणि मग हसत म्हणालात, "तुमच्या पर्यवेक्षिकापदाची फाईल माझ्याच टेबलावर आहे बरं का."

धमकी होती की चेष्टा, हे मी आठ वर्षं ठरवते आहे. तेव्हा ठरवायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी सही केली. टेम्पो दुपारी आला. जुलैत मी पर्यवेक्षिका झाले. त्यानिमित्त पेढे वाटले, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी खाल्ले आहेत.

चौदाव्या दिवशी मामा आले. डोक्याचे केस काढलेले. खोलीचं दार उघडलं. आत नवी फरशी, भिंतीवर पांढरा फळा. त्यांनी यंत्रांचं नावही काढलं नाही. वळून मला विचारलं, "मॅडम, कपाट कुठंय?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, मामा."

सभागृहात माझे विद्यार्थी बसलेत. त्यांना मी एकतीस वर्षं उत्तराच्या खाली दोन रेघा मारायला शिकवते. ते माझं उत्तर होतं.

त्या दिवशी ते भंगार बाजारात दुकान-दुकान फिरले. एका दुकानदाराने त्यांना ओळखीच्या पेट्या दाखवल्या, रिकाम्या. "चाचा, अंदर का माल तो परसोंच गया. वह्या-बिह्या रद्दी में गई. खाली डब्बे हैं, होना तो ले जाव." ते रिकाम्या हाताने परत आले. दुसऱ्या दिवशी लिपिकाने त्यांच्यापुढे जडसंग्रहाची, म्हणजे शाळेच्या सामानाची, नोंदवही ठेवली, वस्तू कमी झाल्याची सही करायला. तिथे त्यांनी माझी सही पाहिली असणार. त्यांच्या सहीच्या बरोबर वर आहे.

तरी त्यांनी अकरा वाजता रोजच्यासारखा माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवला. त्या दिवसांत शाळेत पाणी मोजून मिळत होतं. त्यानंतर आठ वर्षं तो तांब्या एक दिवस चुकला नाही, आणि एक दिवस मला ते पाणी सुखाने पिता आलं नाही.

आता आजच्या आनंदाच्या प्रसंगाकडे वळते. गेल्या वर्षी तनुजाने तो अर्धा खेळ परदेशातल्या एका हौशी मंडळाकडे पाठवला. त्यांनी त्याचं इंग्रजी रूप केलं, आणि तो त्या वर्षीचा सर्वांत चांगला नवा खेळ ठरला. लोकांनी लिहिलं की लंगड्या मेंढीला सोडता न येणारा खेळ आपण कधी पाहिला नव्हता. वर्तमानपत्रात बातमी आली. ती संस्थेने वाचली, आणि म्हणून आज निवृत्त होणाऱ्या परिचरासाठी फुलांच्या माळा आहेत, छायाचित्रकार आहे, आणि माझ्या मागे हा फलक आहे. मी वाचून दाखवते. 'संस्थेच्या प्रेरणेतून साकारलेल्या जागतिक यशाबद्दल हार्दिक सत्कार.'

हे वाक्य खोटं आहे. आज सकाळी मी जडसंग्रहाची वही मागवली. 'नादुरुस्त' या शब्दापुढे 'सात नग चालू होते, हे मला ठाऊक होतं' असं लिहून खाली आजच्या तारखेची सही केली आहे. त्याची प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात दिली आहे. पोच माझ्या पर्समध्ये आहे. पुढच्या वर्षी रिकाम्या होणाऱ्या मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव होतं, ते आता नसेल याची मला कल्पना आहे. अप्पारावजी, बसून घ्या. माझं संपतच आलं आहे.

खेळणारी माणसं तनुजाला विचारतात, लासूरच्या पुढे काय? कारण लासूरला पोचलं की पडद्यावर फक्त एक ओळ येते, 'पुढचं काम चालू आहे.' म्हणून तनुजाने पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून तसंच एक यंत्र मिळवलं आणि मागच्या महिन्यात मामांच्या घरी आणून दिलं. मीही सोबत गेले होते. मामांनी यंत्राची पेटी उघडली, आत फुंकर मारली, कपॅसिटर बदलला. यंत्र सुरू झालं. त्यांनी चाळीस मेंढरं लासूरपर्यंत नेली, एकही न गमावता. आणि थांबले.

मी म्हटलं, "मामा, पुढचं लिहा ना. तुम्हाला थोडं तरी आठवत असेल."

"चार-दोन जागा आठवतात," ते म्हणाले. "बाकीच्या ती सांगायची, मी उतरवायचो. डोक्यात ठिवल्या नायत, वहीत हायत म्हणून." मग पडद्याकडे पाहून म्हणाले, "आता मनानंच विहिरी पाडू का मॅडम? कुणी खरं मानून तिथं मेंढरं नेली तर?"

त्यांनी यंत्र बंद केलं आणि त्यावर कापड टाकलं. चहा झाला. आम्ही निघालो.

एवढंच सांगायचं होतं. आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी चुळबुळ न करता ऐकून घेतलंत, तनुजा कामाचा दिवस सोडून आली, त्याबद्दल आभार मानते. ज्यांनी आनंदाने हा समारंभ ठरवला आणि ज्यांचा आनंद माझ्यामुळे गेला, त्यांनी मला मोठ्या मनाने क्षमा करावी.

त्रिंबकमामांची क्षमा मात्र मी इथे मागणार नाही. माफी मागितली की समोरच्याला 'असू द्या' म्हणावं लागतं, आणि भरल्या सभेत तर म्हणावंच लागतं. त्यांच्यावर ती वेळ मी आणणार नाही.

मी खाली बसते. कृपा करून टाळ्या वाजवू नका.