गाईच्या गळ्यातली किल्ली

माझं म्हायेर खानापुराकडचं वो, घराला घर लागून, एका घरात फोडणी बसली की दुसऱ्या घरात ठसका, आणि दिलं मला हितं, गोव्याच्या हद्दीजवळच्या रानात, दिग्गीच्या अलीकडं, जितं शेजारचं घर म्हंजे मदी वढा आणि वढ्याच्या पल्याड टेकडी. बा म्हणाला, जावई लाकूडतोडीच्या कामावर हाय, पोर उपाशी न्हाई ऱ्हायाची. न्हाई ऱ्हायली उपाशी, खरं भ्याली किती ते बाला कोण सांगणार? मालक दिवसच्या दिवस रानात तळ ठोकून असायचं, घरात मी आणि माझी सासू. आत्ती म्हणायची मी तिला, आमच्यात तसंच म्हणत्यात. आत्ती ह्याच रानात जन्मलेली, वाघरू दिसलं म्हणून सांगताना बी तिचा हात सुपारी कातरायचा थांबायचा न्हाई.

तिच्या काळात दाराला कुलूप न्हवतंच. भायेर जाताना दार वडून घ्यायचं आणि एक बांबू आडवा लावायचा, बांबू दिसला की येणाऱ्यानं समजायचं घरात कोण न्हाई आणि मागं फिरायचं. आता तुमीच सांगा, ही काय राखण झाली? गोवा तवा अजून परक्यांच्या ताब्यात, हद्द आमच्या रानातनं, आणि चोरून माल आणणारी माणसं आमच्या घरामागच्या वाटेनं जायची, डोक्यावर बोजं, तोंडाला फडकं, बोलणं न्हाई चालणं न्हाई. एकदा मी शेतातनं येऊन बगते तर बांबू खाली पडलेला आणि पाण्याची घागर रिकामी. बाकी कायबी गेलं न्हवतं. गेलं असतं तर चोर आल्ता म्हणून सोडून दिलं असतं वो, खरं पाणी पिऊन कोण गेलं, आत कुटं बसलं, काय काय बगितलं, ह्या इचारानं मी रातभर दाराला पाठ लावून बसायची.

मंग मी मालकांच्या मागं लागले. रडले, रुसले, म्हायेरी जाती म्हणाले. मालक गडी हाताचा कसबी, लाकडाला तोटा न्हाई, त्यांनी मत्तीच्या, म्हंजे ऐनाच्या, जाड फळ्यांचं दार केलं, कौलांच्या खाली फळ्या ठोकून घेतल्या, भिंती जांभ्या दगडाच्या हुत्याच, चुलीवर धूर जायाला येवढीशी खिडकी, तिला बी गज. आणि बेळगावास्नं कुलूप आणलं, दाबलं की आपसूक बसणारं, उगडायला तेवढी किल्ली लागायची. किल्ली एकच. लई खूश झाले बगा मी त्या दिवशी, देवाला नारळ फोडला.

आता किल्ली ठेवायची कुटं? मी एकीकडं कामाला, आत्ती दुसरीकडं, कोण आदी घरला येईल सांगता येत न्हाई. वळचणीला ठेवली तर ते बोजेवाले काय आंधळे हायत? पदराला बांदली तर भात लावताना चिखलात जाईल. तवा आत्तीनं डोकं लढवलं. आमची तांबू गाय सकाळी रानात जायची आणि सांजंला न चुकता आपली आपण दारात येऊन हुबी ऱ्हायाची, परक्या माणसाला तर जवळ येऊच द्यायची न्हाई, शिंग उगारायची. आत्तीनं तिच्या गळ्यातल्या लाकडी घंटेच्या दोरीला किल्ली बांदली. म्हणाली, घे, आता वाघच चोर असंल तर किल्ली जाईल. हसू नका, आमच्याकडं चार घरांनी मागनं तसंच केलं.

माझी शेवंती तवा लहान, नुकती नीट बोलाय लागलेली. सुगीचे दिवस हुते. मी भात कापायला खालच्या मळ्यात गेले, पोर आजीसंगं नाचणीकडं जाईल म्हणून. ती माझ्या मागं मागं अंगणाच्या कडंपतूर आली ते आत्तीनं बगितलं आणि तिला वाटलं पोर आईसंगं गेली. त्यात पोर कवा माघारी फिरून घरात शिरली कुणाला ठावं. आत्तीनं दार वडलं, कुलूप दाबलं, तांबूला रानात हाकलली आणि गेली आपल्या कामाला. दुपारी ती सकाळीच बांदून नेलेली भाकरी घिऊन मळ्यात आली. मी इचारलं, शेवंती कुटं? तिनं इचारलं, तुझ्यापाशी न्हाई? बास. मी पळत सुटले ती इळा हातात तसाच.

काय सांगू तुमास्नी, दारापाशी येऊन हाका मारल्या, शेवंते, ए शेवंते, आई हाय गं मी. आत चिडीचूप. दार बडवलं, कान लावला, श्वासाचा बी आवाज न्हाई. खिडकीतनं धूर येत हुता, त्यात आतलं कायबी दिसंना. तसा रोजच येतो वो, निखारं राखंत झाकून ठेवतोय आमी, खरं त्या दिवशी मला तो दाट वाटला, करपल्याचा वास आल्यागत वाटलं, चुलीशेजारी तर गवताच्या पेंड्या. धोंडा घिऊन कुलपावर घातला, कुलूप वाकडं झालं, तुटंना. दार हालंना. खांबावरनं वर चढले, कौलं काढली तर खाली फळ्या. बोटांची सालं निघाली माझ्या. आत्ती मागनं धापा टाकत आली, तिनं बी हाका मारल्या, आणि एकदम माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ती बोलायची न्हाई. मी तिला शिकवलंय, घरात एकटी असताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई, आईच्या आवाजात मारली तरी न्हाई, आजीच्या आवाजात मारली तरी न्हाई, रानातलं काय बाय आपल्याच माणसाचा आवाज काढतंय.

आता बगा माझं काय झालं असंल. पोर शिकवलेलं ऐकून गप हाय, का गप झालीच हाय? कळणार कसं? जेवढी मी वरडती तेवढी ती आत जास्तच भिऊन गप बसणार, आणि न वरडता मला ऱ्हावंना. तांबू कुटल्या रानात असंल देवाला ठावं. शेजारचं गडी सगळं कामावर. तेवढ्यात मागच्या वाटेवर पाचोळा वाजला. बोजेवाला. एकटा, तोंडाला फडकं. ज्याला बगून रोज मी लपायची त्याच्याकडं मी धावत गेले आणि पाय धरले. त्योच घाबरला आदी, मागं सरला, इकडंतिकडं बगितलं. मी म्हणाले, आत पोर हाय, दादा, माजी पोर हाय. त्यानं बोजा झुडपात टाकला, दारापाशी आला, सर गो बायो म्हणाला, कमरंची एक तार काढली, वाकवली, आणि वो, तुमाला खोटं वाटंल, जरा फिरवली न फिरवली तर कुलूप हातात. वाकडं झालेलं ते कुलूप.

आत कायबी पेटलं न्हवतं. कणगीच्या मागं शेवंती बसलेली, दोनी हातांनी आपलंच तोंड दाबून धरलेलं, डोळं येवढालं. मी हात पसरून धावले तशी ती किंचाळली. तू आई न्हवंस, म्हणाली. माझ्याच पोटची पोर वो, मला बगून भिंतीत घुसाय लागली. आजीला बी जवळ येऊ दिईना. आमी दोगींनी हाका मारल्या हुत्या न्हवं, आमी दोगी खोट्या. त्या माणसानं हाक मारली न्हवती, तर ती उठली आणि जाऊन त्याच्या धोतराला मिठी मारली. त्योबी बावचळला बिचारा. तिला उचललं, माझ्या कुशीत दिलं, ही तुझी आवय गो, म्हणाला, आणि पाणी बी न पिता बोजा उचलून रानात शिरला. तोंडाचं फडकं काढलंच न्हाई त्यानं, आज समोर आला तर मी वळखायची न्हाई.

सांजंला तांबू आली, रोजच्यासारखी, गळ्यात किल्ली. मालक आल्यावर म्हणालं, दुसरं मोठं कुलूप आणतो. मी म्हणाले, आणा तर खरं, चुलीतच घालती. तारंनं उगडणारं कुलूप चोराला काय अडवणार, आईला तेवढं अडवतंय. भीती गेली म्हणू नका. आजबी भायरनं आले की आदी घागर बगती, मंग कणगीमागं बगती, मंगच बसती.

गोवा सुटला, बोजेवाले गेले, आत्ती बी गेली, आणि शेवंती आता मोठी झाली, माझ्या खांद्याच्या वर गेली. गुणाची हाय, कामाला वाघीण. खरं हाक मारली की ओ देत न्हाई वो. कुटंबी असूंदे, हातातलं टाकून येती, समोर हुबी ऱ्हाती, माझ्या तोंडाकडं नीट बगती आणि मंग म्हणती, व्हय आई. तिला त्या दिवसाचं कायबी आठवत न्हाई म्हणती, उगंच सवय हाय म्हणती. आणि हाक मारल्यापास्नं ती दिसंपतूर माझा जीव टांगलेला असतोय, रोज, दिसातनं किती येळा. आता तिचं स्थळ बगतोय. चांगलं घर मिळूंदे, आणि तिच्या पोरांनी तिला पयल्या हाकंसरशी ओ देऊंदे, देवापाशी दुसरं कायबी मागणं न्हाई माझं.