अध्यक्षांच्या घरचे मोदक

१९९१ साल. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हरिदासराव पुन्हा निवडणुकीला उभे होते, विरुद्ध वैजयंती. मतदानाच्या रांगेत वैजयंतीचा नवरा जयंत उभा होता. त्याच्या पुढेच हरिदासराव आणि सिंधूवहिनी. मागे कोण आहे, याचा दोघांना पत्ताच नव्हता.

“माझं मत वैजयंतीला.”

“अगं, मी उभा आहे!”

“म्हणूनच. अध्यक्ष तुम्ही, आणि हॉलभर लोकांचे मोदक मी करायचे!”

“गणपतीला अध्यक्षांच्या घरचेच मोदक लागतात. प्रथाच आहे तशी.”

“उकड मळून बोटं माझी भाजतात. आता बास.”

“आणि ती आली तर कोण करणार?”

“तिचा नवरा.”

“जयंत? त्याला चहा तरी येतो का?”

“शिकेल. तुम्हाला किती वर्षं शिकवत बसू?”

जयंत खाकरला.

“वहिनी, बोटं न भाजता उकड कशी मळायची?”