जात कॉकापू

— नाही हो योगीराजभाऊजी, मेंढरू नाही ते, कुत्राच आहे. जरा पुढून बघा — हे पुढचं, तोंड इकडं आहे. चावत नाही, बसा तुम्ही. दोरी ठेवा खाली. आमच्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आत्या, तुळजापूरला दर्शनाला गेल्यात, त्या परत यायच्या आत कुत्रं तुमच्या गाडीत बसलेलं पाहिजे, हुकूम आहे मला. देणारच आहे. पण कसं सांभाळायचं ते सांगायला नको? — भैरवी, त्याच्या कानात बिस्कीट नको बाळा — हं, तर नाव चिवडा. जात कॉकापू. कॉकापू हो, आई पूडल, बाप कॉकर स्पॅनियल. ह्यांनी पुण्याहून आणला तेव्हा फाटकातूनच ओरडले, "आई, कॉकापू आला!" — सासूबाई गडबडीनं डोईवर पदर घेऊन उठल्या, चहाचं आधणसुद्धा ठेवलं. त्यांना वाटलं, अमरसिंहकाका आले. थोरले दीर ना त्यांचे. तेव्हापासून त्यांच्यासमोर ह्याची जात काढायची सोय नाही, दिराचा अपमान होतो.

ह्याचे केस गळत नाहीत. मीच वाचलं होतं नेटवर — भैरवी झाल्यापासून मी वाचतच असते, ती शिंकली तरी वाचते, आणि वाचून झालं की मलाच शिंका येतात — तर केस गळत नाहीत म्हणून लेकराबाळांच्या घराला उत्तम. खरंय, गळत नाहीत. वाढतात. रोज विंचरा, नाहीतर कानामागं जटा. कापायचे तर सोलापूर गाठा. एकदा मी घरात नसताना सासूबाईंनी मेंढ्या कातरणाऱ्यालाच बोलावलं. त्यानं अर्धा कातरला, मग ह्यानं त्याचा हात चाटला, तेव्हा तो म्हणतो, "अगं बया, ह्ये कुत्रं हाय की!" — आणि अर्धा तसाच सोडून गेला. कितीतरी दिवस आमच्या घरात एका अंगानं कुत्रा आणि एका अंगानं सोललेला बटाटा हिंडत होता. राखणीला? शेळ्यांच्या? — भाऊजी, चोर आला तर हा पुढं होऊन गोठा दाखवील. आणि तुमची तर द्राक्षबाग ना? विष हो ह्याला द्राक्षं. बेदाणासुद्धा. म्हणजे बागेत बांधायचं नाही. गोठ्यात तर नाहीच. कांदा नाही, लसूण नाही. एकटं तर अजिबात राहवत नाही ह्याला — मी अंघोळीला गेले तरी दाराशी रडतो. तो आणि भैरवी, दोघंही. मी आत बादली वाजवत राहते, आई आहे म्हणून कळावं. — नाही नाही, मोडता घालत नाही मी, माहिती देतेय.

नेटवर असंही होतं, की अशा दोन जातींच्या पिल्लात दोन्हीकडचं चांगलं तेवढंच उतरतं. आपल्याकडं तसंच आहे की. भैरवीचं नाक सरळ, ते तुमच्या आत्यांचं. पडली तरी रडत नाही, धीट — ती इकडची. चालायला उशीर लागला, तो माझ्याकडचा. ताटात टाकते, हट्ट करते — मुरूमचं वळण. माझं माहेर मुरूमचं ना. आमच्यात गळ्यात लिंग, घरात कन्नड. आणि इकडं मटणाशिवाय पाहुणचार नाही. तुम्हाला कुठून माहीत असणार, लग्नाला तुमच्याकडचं कुणी आलंच नव्हतं — टोमणा नाही हो. आईचं नाव इरम्मा म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी ते दोनदा विचारलं होतं, बस. वाईट नाहीत त्या. बारशाला हसतच म्हणाल्या, "आमच्या घरातला पयला हायब्रीड दाणा!" सगळे हसले. मी पण हसले, सगळ्यात मोठ्यानं हसले. घुगऱ्या वाटत होते ना — दाणा म्हटल्यावर मला वाटलं, घुगऱ्यांचंच चाललंय. असं मी ह्यांना सांगितलं. — काय सांगत बसले मी हे, कानांचं राहिलं. कान ओले राहू द्यायचे नाहीत, पुसून —

काय म्हणालात? — नाही, ऐकलं मी. "असल्या मिसळीला ना कूळ ना मूळ, घरात ठेवून करायचं काय?" — कुत्र्याबद्दलच म्हणालात, कळतंय की. न कळायला काय झालं, डी.एड. झालेय मी. भैरवीकडं बघत म्हणालात, एवढंच.

— भैरवी, ऊठ बाळा. चिवड्याला घेऊन आत जा. हो, आपल्या खोलीत. पलंगावर? — पलंगावर. आजीला मी सांगते काय सांगायचं ते. — चहा झाला ना भाऊजी? मग दोरी उचला तुमची. आणि जाताना फाटक तेवढं नीट लावून घ्या.